घटक ४ : न्यूयॉर्कची आफ्रिकी दफनभूमी – अभ्यास, जतन आणि सन्मान

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• दफनभूमी हे इतिहासाचे साधन कसे ठरते, हे सांगता येईल.
• न्यूयॉर्क येथील आफ्रिकी दफनभूमीचा उदय, विस्मरण आणि पुनर्शोध यांचा आढावा घेता येईल.
• मृतांच्या अवशेषांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाची चर्चा करता येईल.
• गुलामगिरीविषयी लिहिताना शब्दांची निवड विचारपूर्वक करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि दप्तरातील कागदपत्रे या साधनांचा परिचय करून घेतला. या साधनांत एक गोष्ट समान आहे. ती बहुधा ज्यांच्या हाती लेखणी, धन किंवा सत्ता होती, त्यांनी निर्माण केलेली आहेत. ज्यांना लिहू-वाचू दिले गेले नाही, ज्यांची नोंद जमाखर्चाच्या वहीत मालमत्ता म्हणून झाली, त्यांचा इतिहास कोठे शोधावयाचा? या प्रश्नाचे एक उत्तर दफनभूमीत सापडते.

प्रस्तुत घटकात आपण अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या मध्यवस्तीत १९९१ मध्ये उजेडात आलेल्या एका दफनभूमीचा अभ्यास करणार आहोत. सतराव्या आणि अठराव्या शतकांत या शहरात दास्यात ठेवल्या गेलेल्या, तसेच मुक्त झालेल्या आफ्रिकी स्त्री-पुरुषांना येथे मूठमाती दिली गेली. जवळजवळ दोनशे वर्षे ही भूमी इमारतींखाली दडून होती. ती पुन्हा दिसली तेव्हा एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला : हे मृत कोणाचे? ते जमिनीच्या मालकाचे, शासनाचे, शास्त्रज्ञांचे, की त्यांच्यासाठी शोक करणाऱ्यांचे? या घटकाचे सारे विवेचन या एका प्रश्नाभोवती आहे. वाचताना तो सतत मनाशी ठेवावा.

आपल्या भाषेशी या विषयाचा एक थेट धागा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडविण्यासाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला आहे. अमेरिकेत घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली ती १८६५ मध्ये. अवघ्या आठ वर्षांनी एका मराठी ग्रंथकाराने त्या लढ्याशी आपल्या समाजातील लढ्याचे नाते जोडले. म्हणून हा विषय मराठीच्या अभ्यासकाला परका मानता येत नाही.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ उत्तरेतील गुलामगिरी

अमेरिकेतील गुलामगिरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दक्षिणेतील कापसाचे मळे येतात. उत्तरेकडील न्यूयॉर्क मात्र व्यापाराचे आणि स्वातंत्र्याचे शहर म्हणून आठवते. ही समजूत अपुरी आहे. डच व्यापारी कंपनीने वसविलेल्या या वसाहतीत, तेव्हाच्या न्यू ॲमस्टरडॅममध्ये, १६२० च्या दशकातच बंदिवान आफ्रिकी माणसे आणली गेली. रस्ते करणे, जंगल तोडणे, तटबंदी उभारणे ही कामे त्यांनी केली. १६४४ मध्ये त्यांतील अकरा पुरुषांना अर्धवट स्वातंत्र्य मिळाले. त्यांना गावाच्या उत्तरेस जमिनी मिळाल्या, परंतु त्यांची मुले दास्यातच राहिली.

१६६४ मध्ये ही वसाहत इंग्रजांच्या ताब्यात गेली आणि तिचे नाव न्यूयॉर्क झाले. पुढे दास्याचे कायदे अधिक कठोर होत गेले. १७११ मध्ये वॉल स्ट्रीटवर माणसांच्या खरेदी-विक्रीचा आणि त्यांना भाड्याने देण्याचा अधिकृत बाजार सुरू झाला. अठराव्या शतकाच्या आरंभी शहरातील दर पाच घरांपैकी सुमारे दोन घरांत दास्यात ठेवलेली व्यक्ती होती. १७१२ मध्ये उठाव झाला. १७४१ मध्ये कटाच्या संशयावरून तीसहून अधिक लोकांना देहान्त शिक्षा देण्यात आली आणि त्यांपैकी तेरा कृष्णवर्णीयांना जिवंत जाळण्यात आले. न्यूयॉर्क राज्यातील गुलामगिरी पूर्णतः संपली ती ४ जुलै १८२७ रोजी.

४.३.२ मृत्यूनंतरचे निर्बंध

दास्य मृत्यूने संपते, असे आपल्याला वाटेल. या शहरात तसे घडले नाही. १६९७ मध्ये ट्रिनिटी चर्चने आपल्या आवारात कृष्णवर्णीयांचे दफन करण्यास मनाई केली. त्यामुळे शहराच्या वेशीबाहेर, तळ्याजवळच्या ओसाड आणि उताराच्या जागेत आफ्रिकी लोक आपल्या मृतांना मूठमाती देऊ लागले. १७५५ च्या एका नकाशावर ही जागा कृष्णवर्णीयांची दफनभूमी म्हणून स्पष्ट दाखविलेली आहे.

तेथेही त्यांना मोकळीक नव्हती. १७२२ च्या नियमाने त्यांची दफने सूर्यास्तापूर्वी उरकणे सक्तीचे झाले. दिवसभर राबणाऱ्या आणि रात्रीच मोकळीक मिळणाऱ्या माणसांसाठी या नियमाचा अर्थ काय होता, याचा विचार करावा. १७३१ च्या नियमाने अंत्ययात्रेस बारापेक्षा अधिक लोक जमण्यास बंदी घातली. अनेक माणसे एकत्र आली की उठावाची मसलत होईल, ही धन्यांची भीती या नियमांमागे होती. शोक करण्याचा अधिकारही अशा रीतीने मोजून-मापून दिला गेला.

या इतिहासातील एक दस्तऐवज विशेष महत्त्वाचा आहे. त्या काळी वैद्यकाचे विद्यार्थी शरीरविच्छेदनासाठी रात्री या दफनभूमीतील प्रेते उकरून नेत असत. फेब्रुवारी १७८८ मध्ये शहरातील मुक्त आणि दास्यातील कृष्णवर्णीयांनी नगरमंडळाकडे याविरुद्ध अर्ज केला. त्या अर्जातील भूमिका बारकाईने पाहावी. शरीरशास्त्राच्या अभ्यासाची मानवजातीला गरज आहे, हे अर्जदारांनी मान्य केले होते. विच्छेदनाला त्यांचा सरसकट विरोध नव्हता. ते शिष्टाचाराने आणि मृताचा मान राखून व्हावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. अर्जाकडे दुर्लक्ष झाले. एप्रिल महिन्यात गोऱ्यांच्या प्रेतांचीही चोरी झाल्याचे कळताच शहरात मोठा दंगा उसळला आणि त्यानंतर १७८९ मध्ये प्रेतचोरीविरुद्ध कायदा झाला.

या दफनभूमीच्या जतनाची मागणी विसाव्या शतकात प्रथम झाली, असे अनेकदा मानले जाते. वस्तुतः ती १७८८ मध्येच झाली होती आणि ती करणारे लोक स्वतः त्या दास्यव्यवस्थेतच जगत होते.

४.३.३ विस्मरण

१७९४ च्या सुमारास दफनभूमी बंद झाली. जमिनीचे तुकडे पाडून ते विकण्यात आले. उताराची जागा सपाट करण्यासाठी तिच्यावर मातीचा भराव घालण्यात आला. पुढील काळात तेथे घरे, दुकाने, कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला पायाखाली काय आहे याची खूण उरली नाही.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या भरावाने ही भूमी दृष्टीआड केली, त्याच भरावाने तिचे रक्षणही केले. कबरी रस्त्याच्या पातळीखाली सोळा ते अठ्ठावीस फूट खोल गेल्या. त्यामुळे नंतरच्या इमारतींचे पाये अनेक ठिकाणी त्यांच्यापर्यंत पोहोचले नाहीत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

अ) रिकाम्या जागा भरा.
१) ट्रिनिटी चर्चने आपल्या आवारात कृष्णवर्णीयांच्या दफनास ............ मध्ये मनाई केली.
२) १७३१ च्या नियमाने अंत्ययात्रेस ............ पेक्षा अधिक लोक जमण्यास बंदी घातली.
ब) एका वाक्यात उत्तर लिहा.
१) १७८८ च्या अर्जातील मुख्य मागणी कोणती होती?

४.३.४ पुनर्शोध आणि संघर्ष

१९९१ मध्ये केंद्र शासनाच्या इमारतींची व्यवस्था पाहणाऱ्या यंत्रणेने या ठिकाणी चौतीस मजली कचेरी बांधण्याचे काम हाती घेतले. जुन्या नकाशाची माहिती अधिकाऱ्यांना होती. तथापि, एकोणिसाव्या शतकातील तळघरांच्या खोदकामात कबरी नष्ट झाल्या असाव्यात, असे गृहीत धरण्यात आले होते. कायद्यानुसार पुरातत्त्वीय पाहणी झाली आणि भरावाखाली कबरींमागून कबरी सापडू लागल्या.

बांधकामाचे वेळापत्रक थांबवायचे नाही, म्हणून अवशेष घाईने हलविले जाऊ लागले. फेब्रुवारी १९९२ मध्ये यंत्राने चाललेल्या खोदकामात काही कबरींची नासधूस झाली. ही बातमी पसरताच शहरातील आफ्रिकी-अमेरिकी समाज संतप्त झाला. प्रार्थना, निदर्शने, सभा सुरू झाल्या. न्यूयॉर्कचे पहिले कृष्णवर्णीय महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी काम थांबविण्याची मागणी केली. जुलै १९९२ मध्ये काँग्रेस सदस्य गस सॅव्हेज यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने सुनावणी घेतली आणि उत्खनन थांबले. तोपर्यंत ४१९ व्यक्तींचे अवशेष भूमीबाहेर काढण्यात आले होते. संपूर्ण दफनभूमीत सुमारे पंधरा हजार व्यक्तींचे दफन झाले असावे, असा अंदाज आहे. उंच इमारत पूर्ण झाली, परंतु तिला जोडून होणारे बांधकाम रद्द झाले आणि ती जागा स्मारकासाठी राखून ठेवण्यात आली.

लोकांचा विरोध इमारतीपुरता नव्हता, हे ध्यानात घ्यावे. अवशेषांचा अभ्यास कोणी करावा आणि कोणते प्रश्न घेऊन करावा, हाही वादाचा मुद्दा होता. गुन्ह्यांच्या तपासात हाडांवरून वंश, लिंग आणि वय ठरविण्याची एक पद्धत असते. तेवढ्याच पद्धतीने या माणसांचा अभ्यास झाला तर त्यांचा इतिहास हरवेल, असे समाजाचे म्हणणे होते. अखेरीस १९९३ मध्ये अवशेष वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठाकडे सोपविण्यात आले. हे विद्यापीठ कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचे जुने केंद्र आहे. मानववंशशास्त्रज्ञ मायकेल ब्लेकी यांनी संशोधनाचे नेतृत्व केले.

ब्लेकी यांनी येथे एक महत्त्वाचा भेद मांडला. संशोधनाचा खर्च देणारी शासकीय यंत्रणा ही व्यावहारिक अर्थाने संशोधकाची आश्रयदाती असते. परंतु नैतिक अर्थाने संशोधक ज्यांना उत्तरदायी असतो, तो वंशज समाज होय. या मृतांचे रक्तसंबंधी शोधून काढणे शक्य नव्हते. म्हणून वंशज समाज याचा अर्थ या मृतांशी आपले ऐतिहासिक नाते मानणारा आणि त्यांची काळजी वाहणारा समाज, असा घेण्यात आला. जाहीर सभांतून चर्चा होऊन संशोधनाचे चार प्रश्न ठरले : हे लोक कोठून आले, त्यांचे शारीरिक जीवन कसे होते, नव्या भूमीत त्यांच्यात कोणते बदल झाले आणि त्यांनी दास्याचा प्रतिकार कसा केला. यांतील चौथा प्रश्न हाडांची केवळ मोजदाद करणाऱ्याला सुचला नसता.

४.३.५ भूमीने दिलेली साक्ष

या अभ्यासातून जे हाती आले, त्याचा थोडक्यात परिचय करून घेऊ.

बहुतेकांना लाकडी पेटीत, कफनात गुंडाळून, मस्तक पश्चिमेकडे ठेवून पुरण्यात आले होते. ज्यांना मालमत्ता म्हणून वागविले गेले, त्यांना त्यांच्या माणसांनी मात्र विधिपूर्वक निरोप दिला होता. वय ठरविता आलेल्यांपैकी दर दहांत सुमारे चार जण पंधरा वर्षांखालील होते. स्नायू हाडांना जेथे जोडलेले असतात तेथे अनेकांच्या हाडांवर अतिश्रमाच्या खुणा होत्या. त्या स्त्रियांच्या आणि किशोरवयीन मुलांच्या हाडांवरही होत्या. काहींचे दात आफ्रिकेतील प्रथेप्रमाणे कानस लावून विशिष्ट आकारात घडविलेले होते. दातांच्या रासायनिक तपासणीवरून कोण आफ्रिकेत जन्मले आणि कोण अमेरिकेत, याचाही अंदाज बांधता आला.

काही कबरी विशेष बोलक्या आहेत. एका प्रौढ स्त्रीच्या कमरेभोवती मण्यांची माळ होती. तिच्या अंगावर शंभराहून अधिक मणी आणि कवड्या सापडल्या. हे मणी तिच्यासोबत पुरणाऱ्यांनी आपल्याजवळची मोलाची वस्तू मातीत ठेवली होती. विशीतील एका स्त्रीच्या बरगड्यांत बंदुकीची गोळी आढळली. आणखी एका स्त्रीच्या हाताच्या कुशीत नवजात बालक ठेवलेले होते. या कोणाचेही नाव आपणांस उपलब्ध नाही. अहवालात त्यांची ओळख केवळ क्रमांकाने होते.

साधनांचा अर्थ लावताना सावधगिरी कशी बाळगावी, हे एका उदाहरणावरून समजते. एका शवपेटीच्या झाकणावर खिळ्यांनी काढलेली हृदयासारखी आकृती आढळली. पश्चिम आफ्रिकेतील अकान लोकांचे ‘सांकोफा’ नावाचे चिन्ह तिच्याशी मिळतेजुळते आहे. मागे राहिलेले परत जाऊन घ्यावे, असा त्या चिन्हाचा आशय. ही आकृती सांकोफाच आहे, असे संशोधकांनी सुचविले आणि ते चिन्ह पुढे स्मारकावरही कोरले गेले. नंतर काही अभ्यासकांनी निदर्शनास आणले की, हृदयाकृती त्या काळच्या इंग्रजी वळणाच्या शवपेट्यांवरही काढली जात असे. दोन्ही मते आपण जाणून घ्यावीत. चिन्हाचा मूळ अर्थ वादग्रस्त असला, तरी आजच्या समाजाने त्याला दिलेला अर्थ हाही इतिहासाचाच भाग असतो. मात्र या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

४.३.६ पुनर्दफन आणि स्मारक

अभ्यास संपल्यानंतर अवशेष पुन्हा मूळ भूमीत ठेवावयाचे, हे आरंभीच ठरले होते. घाना देशात हाताने कोरून घडविलेल्या लाकडी पेट्यांत प्रत्येक व्यक्तीचे अवशेष स्वतंत्रपणे ठेवण्यात आले. २००३ च्या सप्टेंबरअखेरीस हॉवर्ड विद्यापीठातून त्यांची मिरवणूक निघाली आणि बाल्टिमोर, विल्मिंग्टन, फिलाडेल्फिया अशा शहरांतून, ठिकठिकाणी श्रद्धांजली स्वीकारत ती न्यूयॉर्कला पोहोचली. ४ ऑक्टोबर २००३ रोजी सर्व ४१९ व्यक्तींचे पुनर्दफन झाले. आज त्या जागी हिरवळीने झाकलेले सात उंचवटे आहेत. ज्यांच्या अंत्ययात्रेस बाराहून अधिक माणसे जमू दिली जात नव्हती, त्यांना निरोप देण्यासाठी पावणेतीनशे वर्षांनी हजारो लोक एकत्र आले.

या भूमीला १९९३ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा आणि २००६ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. वास्तुकार रॉडनी लिऑन यांच्या आराखड्याप्रमाणे उभारलेल्या स्मारकाचे लोकार्पण ऑक्टोबर २००७ मध्ये झाले. काळ्या ग्रॅनाइटची उंच वास्तू आणि तिच्यापासून हळूहळू खाली उतरत जाणारा वर्तुळाकार मार्ग अशी त्याची रचना आहे. वास्तूची उंची कबरी ज्या खोलीवर सापडल्या त्या खोलीची आठवण देते, तर खाली उतरणाऱ्या मार्गाने पाहणारा जुन्या भूमीच्या दिशेने जातो. २०१० मध्ये तेथे माहिती केंद्र सुरू झाले.

तथापि, एक गोष्ट विसरता कामा नये. सन्मान मिळाला तो दफनभूमीच्या एका लहान भागाला. उरलेली भूमी आजही आजूबाजूच्या इमारती आणि रस्ते यांच्याखाली आहे.

४.३.७ अन्यत्र झालेले प्रयत्न

न्यूयॉर्कच्या या प्रकरणानंतर अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना अशा भूमींकडे नव्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे १९९६ मध्ये एका कुटुंबाला घराची दुरुस्ती करताना जमिनीखाली मानवी हाडे सापडली. जहाजातून उतरल्यावर लवकरच मरण पावलेल्या आफ्रिकी बंदिवानांची ती दफनभूमी होती. त्या घरातच पुढे स्मृतिसंग्रहालय झाले. अटलांटिकमधील सेंट हेलेना बेटावर गुलामांच्या जहाजांतून सोडविलेल्या, पण बेटावर पोहोचल्यानंतर मरण पावलेल्या आफ्रिकी लोकांच्या कबरी विमानतळाच्या कामात उघड्या पडल्या. तेथील ३२५ व्यक्तींचे अवशेष अनेक वर्षे कोठडीत राहिले आणि त्यांचे पुनर्दफन २०२२ मध्ये झाले. त्याच वर्षी अमेरिकेत आफ्रिकी-अमेरिकी दफनभूमींचा शोध आणि जतन यांसाठी साहाय्य देणारा कायदा संमत झाला.

दक्षिणेतील मळ्यांलगतच्या दफनभूमींवर क्वचितच कोरीव दगड असतो. जमिनीतील लांबट खळगे, एका दिशेने मांडलेले ओबडधोबड दगड, कबरीवर ठेवलेले शिंपले, मुद्दाम लावलेली सदाहरित झाडे अशा खुणांवरून त्या ओळखाव्या लागतात. जुने नकाशे आणि खरेदीखते तपासणे, वृद्धांच्या आठवणी नोंदविणे, जमीन न खोदता रडारने तिच्या पोटातील रचना पाहणे या पद्धती आज वापरल्या जातात. न खोदता भूमीचे रक्षण करणे हा जतनाचा पहिला पर्याय मानला जातो. उत्खनन हा शेवटचा.

४.३.८ शब्दांची निवड

भाषेच्या अभ्यासकासाठी या विषयात आणखी एक धडा आहे. ‘गुलाम’ हे नाम आहे. ते माणसाची स्थिती जणू त्याचा स्वभावधर्म असल्यासारखी सांगते. ‘गुलाम केले गेलेले आफ्रिकी’ किंवा ‘दास्यात ठेवलेली माणसे’ असे म्हटले की, त्यातील क्रियापद लगेच विचारते : कोणी केले? कोणी ठेवले? कर्ता वाक्यात नसला तरी त्याचा शोध सुरू होतो. इंग्रजीतही अभ्यासकांनी याच कारणाने जुना शब्द बाजूला ठेवून कृती दाखविणारा शब्दप्रयोग स्वीकारला आहे. तसेच ‘सांगाडा’ म्हणावे की ‘अवशेष’, ‘मिळालेल्या वस्तू’ म्हणावे की ‘सोबत दिलेल्या वस्तू’, या निवडीतून लिहिणाऱ्याची दृष्टी प्रकट होते. शब्द लांबतो म्हणून तो टाळू नये.

हीच दृष्टी घेऊन आपल्या प्रदेशाकडेही पाहता येईल. हिंदी महासागरातील व्यापारातून आफ्रिकी माणसे दख्खनमध्ये आली. इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६२६ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि खुलताबाद येथे त्याची कबर आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी सत्ताधीशांचे घुमट मुरूडजवळ खोकरी येथे उभे आहेत. ज्यांना सत्ता लाभली त्यांच्या कबरींवर घुमट उभे राहिले. त्यांच्याच बरोबर आलेली सामान्य हबशी माणसे कोठे विसावली, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. तो विचारणे हा या घटकाच्या अभ्यासाचा खरा उपयोग होय.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

अ) योग्य पर्याय निवडा.
१) न्यूयॉर्कच्या दफनभूमीतील किती व्यक्तींच्या अवशेषांचे पुनर्दफन झाले?
(१) ३२५ (२) ४१९ (३) १५,०००
२) अवशेषांचा अभ्यास कोणत्या विद्यापीठात झाला?
(१) हार्वर्ड (२) कोलंबिया (३) हॉवर्ड
ब) दोन-तीन वाक्यांत उत्तर लिहा.
१) या प्रकरणात ‘वंशज समाज’ या संज्ञेचा कोणता अर्थ घेण्यात आला?

४.४ समारोप

न्यूयॉर्कच्या आफ्रिकी दफनभूमीचा इतिहास हा मृतांविषयीचा अधिकार हिरावला जाण्याचा आणि परत मिळविण्याचा इतिहास आहे. १६९७ मध्ये जागा नाकारली गेली, १७२२ मध्ये वेळ ठरवून दिली गेली, १७३१ मध्ये सोबतीची संख्या ठरवून दिली गेली आणि १७८८ मध्ये अर्ज दुर्लक्षिला गेला. १९९२ मध्ये लोकांनी जे मागितले, ते या अर्जाहून फारसे वेगळे नव्हते. अभ्यास करा, पण आम्हाला विचारून आणि मान राखून करा, हेच त्यांचे म्हणणे होते. त्यांचे ऐकले गेले तेव्हा विज्ञानाचे नुकसान झाले नाही. उलट, अधिक चांगले प्रश्न विचारले गेले आणि शहराला आपल्या भूतकाळाची अधिक खरी ओळख झाली. स्मारकाचा दगड हा जतनाचा शेवटचा टप्पा असतो. जतनाची सुरुवात होते ती मृतांसाठी शोक करणाऱ्यांचे ऐकण्यापासून.

४.५ पारिभाषिक शब्द

पुनर्दफन : भूमीबाहेर काढलेले अवशेष विधिपूर्वक पुन्हा भूमीत ठेवणे.
वंशज समाज : मृतांशी वांशिक, सांस्कृतिक किंवा ऐतिहासिक नाते मानणारा आणि त्यांची जबाबदारी घेणारा समाज.
भराव : उंचसखल जमीन सपाट करण्यासाठी घातलेली माती.
शरीरविच्छेदन : शरीररचनेच्या अभ्यासासाठी मृतदेहाची केलेली चिरफाड.

४.६ स्वयं-अध्ययनाच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : अ) १) १६९७ २) बारा. ब) १) मृतदेहांचे विच्छेदन चोरून न होता शिष्टाचाराने व मृताचा मान राखून व्हावे, ही मुख्य मागणी होती.
प्रश्न – २ : अ) १) ४१९ २) हॉवर्ड. ब) १) मृतांचे प्रत्यक्ष रक्तसंबंधी शोधणे शक्य नव्हते. म्हणून त्यांच्याशी ऐतिहासिक नाते मानणारा आणि त्यांची काळजी वाहणारा समाज, असा अर्थ घेण्यात आला.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘दफनभूमी हे लेखणी नसलेल्यांचे दप्तर होय.’ या विधानाची न्यूयॉर्कच्या उदाहरणाच्या आधारे चर्चा करा.
२) १७८८ चा अर्ज आणि १९९२ चे आंदोलन यांतील साम्यभेद स्पष्ट करा.
३) शवपेटीवरील हृदयाकृतीच्या उदाहरणावरून साधनांच्या अर्थनिर्णयातील अडचणी सांगा.

४.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा परिसरातील एखाद्या जुन्या स्मशानभूमीस, कबरस्तानास किंवा समाधिस्थळास, संबंधित समाजातील ज्येष्ठांची अनुमती घेऊन भेट द्या. कोणाच्या समाधीवर नाव आहे आणि कोणाच्या नाही, याची नोंद करा. नाव नसलेल्यांविषयी वृद्धांच्या आठवणी ऐकून दोन पृष्ठांचे टिपण तयार करा. तेथील कोणतीही वस्तू हलवू नका.